'आजच गोळी बंद करा' : त्या फॉरवर्डला उत्तर

गेल्या आठवड्यात आमच्या घरच्या ग्रुपवर एक मेसेज आला. दोन दिवसांत तोच सोसायटीच्या ग्रुपवर आला, मग शाळेतल्या मैत्रिणींच्या. वर 'अनेकदा फॉरवर्ड केलेला' अशी खूण. मेसेज लांबलचक आहे, हात जोडलेल्या इमोजींनी भरलेला. त्यातला गाभा तेवढा इथे देते :

'डिप्रेशनची गोळी म्हणजे सरकारमान्य नशा. बंद केल्यावर चक्कर येते, झोप उडते, रडू येतं, हाच व्यसन लागल्याचा पुरावा. उपाय एकच, आजच गोळी बंद करा. सात दिवस त्रास होईल, ते शरीरात साठलेलं विष बाहेर पडतंय असं समजा. कोमट पाणी, लिंबू, मध आणि अनुलोम-विलोम. एकदम जमत नसेल तर एक दिवसाआड घ्या. आठव्या दिवशी तुम्ही मुक्त! आणि तरीही त्रास राहिला, तर आजार मुळातच आहे, मग गोळी आयुष्यभराची.'

मी डॉक्टर नाही. पण एस्सिटॅलोप्राम नावाची गोळी मी साडेतीन वर्षं घेतली आणि ती दोनदा सोडली. एकदा या मेसेजमध्ये सांगितलंय तशी, आणि एकदा नीट. म्हणून हे उत्तर.

आधी नशेचं बघू. नशेच्या वस्तूची तलफ येते, प्रमाण वाढवत न्यावंसं वाटतं, ती मिळवण्यासाठी माणूस खोटं बोलतो, उसनवारी करतो. या गोळीची तलफ आलेला माणूस मला अजून भेटायचाय. उलट आमची सगळ्यांची तक्रार एकच, घ्यायची विसरते. मात्र शरीराला तिची सवय होते, हे खरं आहे. तशी ती ब्लडप्रेशरच्या काही गोळ्यांचीही होते. प्रोप्रॅनोलॉल एकदम थांबवली तर हृदयाचे ठोके आणि प्रेशर उसळू शकतं. स्टेरॉइड बरेच दिवस घेऊन अचानक बंद केलं तर माणूस गंभीर आजारी पडू शकतो. म्हणून दम्यासाठी स्टेरॉइड घेणाऱ्या आजोबांना कुणी नशेबाज म्हणत नाही.

पण या मेसेजला एवढा भाव मिळतो, त्याला काही अंशी वैद्यकशास्त्रही जबाबदार आहे. इमिप्रामीन हे नैराश्यावरच्या सगळ्यात जुन्या औषधांपैकी एक. ते थांबवल्यावर त्रास होतो हे १९५९ सालीच नोंदवलं गेलं होतं. तरी पुढची कित्येक वर्षं 'काही होत नाही, झालंच तर किरकोळ' हेच पेशंटला ऐकवलं गेलं. ज्याला झालं त्याला वाटलं, डॉक्टरांनी आपल्यापासून लपवलं. मग 'डॉक्टर हे कधीच सांगणार नाहीत' छापाचा मेसेज त्याला खरा वाटला तर नवल काय?

त्रास किती जणांना होतो? २०२४ साली 'लॅन्सेट सायकायट्री' या वैद्यकीय नियतकालिकात एक मोठा आढावा आला, ७९ अभ्यासांचा, सुमारे २१ हजार माणसांचा. गोळी थांबवलेल्यांपैकी साधारण ३१ टक्क्यांना काही ना काही लक्षणं आली. गंमत म्हणजे ज्यांना नुसती खोटी गोळी होती, ती थांबवल्यावर त्यांच्यातही १७ टक्क्यांना आली. म्हणजे खुद्द औषधामुळे होणारा त्रास सहा-सात जणांत एकाला. तीव्र त्रास साधारण पस्तिसांत एकाला. यातले बरेच अभ्यास थोडे महिने गोळी घेतलेल्यांवरचे होते, त्यामुळे वर्षानुवर्षं घेणाऱ्यांमध्ये प्रमाण जास्त असू शकतं, असा आक्षेप घेतला गेला आणि तो रास्त आहे. तरी 'सगळ्यांना होतो' हे चूक आणि 'कुणालाच होत नाही' हेही चूक.

आता 'आजच बंद करा'. मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य हेच आहे, म्हणून इथे जरा थांबते.

माझी पहिली खेप अशीच होती. मार्च महिना, स्ट्रिप संपली. मेडिकलवाला म्हणाला, "ताई, ही चिठ्ठी वर्षापूर्वीची आहे, नवीन आणा." मी म्हटलं, जाऊ दे, बरं तर वाटतंय. दोन दिवस काहीच झालं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी पोळ्या लाटत होते. तवा बघायला मान वळवली आणि डोक्यात झर्रकन करंट गेल्यासारखं झालं. दुखलं नाही. टीव्हीचा केबल सैल असला की चित्र क्षणभर जाऊन परत येतं, तसं काहीतरी. परत मान वळवली, परत झर्र. नुसते डोळे फिरवले तरी झर्र. संध्याकाळपर्यंत जिना उतरताना कठड्याला धरावं लागत होतं. रात्री इतकी जिवंत स्वप्नं की उठल्यावर दमल्यासारखं व्हायचं. पाचव्या दिवशी बँकेचा ओटीपी वेळेत आला नाही म्हणून मी हमसून हमसून रडले. नवऱ्याला काही सुचेना, त्याने चहा केला.

हे डोक्यातले झटके या गोळ्या सोडणाऱ्यांना चांगले ओळखीचे असतात. जोडीला मळमळ, घाम, अंग मोडून येणं, चिडचिड. पण हे होतं का?

गोळी मेंदूतल्या, सिरोटोनिन नावाचं रसायन परत खेचून घेणाऱ्या पंपांना अडवून धरते. महिनोन्महिने तसं राहिलं की मेंदू त्या अवस्थेशी जुळवून घेतो. अडसर एकदम काढला की घडी विस्कटते. इथपर्यंत कुणालाही कळेल. खरी मेख पुढे आहे. हॉरोविट्झ आणि टेलर या दोन संशोधकांनी २०१९ साली 'लॅन्सेट सायकायट्री'त ती मांडली. एस्सिटॅलोप्रामची सख्खी बहीण म्हणजे सिटॅलोप्राम. तिच्या २० मिलिग्रॅमला सुमारे ८० टक्के पंप अडवले जातात. डोस निम्म्याहून कमी, ९ मिलिग्रॅमवर आणला, तरी ७० टक्के अडलेलेच. साडेतीन मिलिग्रॅमच्या आसपास ५० टक्के. आणि एक मिलिग्रॅमहून कमी, गोळीचा जवळजवळ चुरा म्हणावा इतक्या डोसालाही २० टक्के.

म्हणजे २० वरून १० वर येणं सोपं असतं. माणसाला वाटतं, जमलं की! मग तो १० वरून ५ आणि ५ वरून थेट शून्यावर येतो, आणि तिथे आपटतो. गड उतरताना माथ्याच्या पठारावर शंभर पावलं टाकली तरी उतार जाणवत नाही. कड्यापाशी एक पाऊल पुरतं. शेवटचा टप्पा म्हणजे तो कडा. तिथे पायऱ्या जास्त लागतात, आणि लहान.

दुसऱ्या खेपेला माझ्या डॉक्टरांनी हेच केलं. १० मिलिग्रॅमवरून साडेसात, मग पाच, मग पाचचे तुकडे. एकूण अकरा महिने लागले. मी गोळी कापायचं ब्लेडवालं डबडं आणलं होतं. रविवारी दुपारी स्टीलच्या ताटलीत आठवड्याच्या गोळ्यांचे चार-चार तुकडे करायचे, ते सासूबाईंच्या जुन्या करंड्यात ठेवायचे. तुकडे कधी सारखे होत नाहीत, एक पाव तर दुसरा पावाहून जाडा, ताटलीत चुरा. मी घाबरून विचारलं तर डॉक्टर म्हणाले, "आठवड्याची सरासरी बरोबर येते, तेवढं पुरे." मध्ये एकदा झटके सुरू झाले तेव्हा त्यांनी मला मागच्या पायरीवर नेऊन महिनाभर तिथेच ठेवलं. ते अपयश आहे असं मला वाटलं होतं. त्यांना वाटलं नव्हतं.

माझं वेळापत्रक उचलू नका. प्रत्येक औषधाचं गणित निराळं आहे, आणि सगळ्या गोळ्या कापता येत नाहीत. औषध हळूहळू सोडणाऱ्या ज्या गोळ्या असतात, नावापुढे 'एक्सआर', 'सीआर' असलं काही लिहिलेलं असतं, त्या मोडल्या तर सगळा डोस एकदम अंगावर येऊ शकतो.

आणि एक गोष्ट, जी आपल्याकडे फार चालते. नैराश्याच्या औषधासोबत त्याच गोळीत क्लोनाझेपाम घातलेलं असतं. नावापुढे बहुतेकदा 'प्लस'. पेशंटला वाटतं आपण एकच औषध घेतोय. क्लोनाझेपाम झोपेच्या-चिंतेच्या औषधांच्या घराण्यातलं. त्याची सवय लागू शकते, आणि बरेच दिवस घेऊन ते अचानक थांबवलं तर फिट येऊ शकते. अशा माणसाला 'आजच बंद करा' सांगणं म्हणजे चालत्या एसटीतून उतर म्हणण्यासारखं आहे.

'विष बाहेर पडतंय' याला फार जागा देत नाही. विष बाहेर पडताना त्रास होत असता, तर गोळी पुन्हा सुरू केल्यावर तो वाढायला हवा होता. प्रत्यक्षात गोळी परत घेतली की हा त्रास बहुतेकदा दोन-तीन दिवसांत ओसरतो. आणि फ्लुओक्सेटीन हे नैराश्यावरचंच औषध शरीरातून जायला कित्येक आठवडे घेतं, तरी थांबवल्यावर त्याचा त्रास सहसा सगळ्यात कमी. व्हेनलाफॅक्सीन हे दुसरं काही तासांत उतरतं, आणि त्याचा त्रास कुप्रसिद्ध आहे. मेसेजच्या हिशेबाने हे उलटं असायला हवं होतं. कोमट पाणी, लिंबू, अनुलोम-विलोम खुशाल करा. मीही सकाळी दहा मिनिटं श्वास मोजत बसायचे, धडधड कमी व्हायची. पण त्याने गोळीची जागा भरत नाही.

'एक दिवसाआड घ्या' हा सल्ला मेसेजवाल्याचा एकट्याचा नाही, काही दवाखान्यांतही मिळतो. ऐकायला शहाणपणाचा वाटतो, निम्मा डोस झाला की! पण एस्सिटॅलोप्रामचं रक्तातलं प्रमाण साधारण तीस तासांत निम्मं होतं. एक दिवस गाळला तर पुढच्या गोळीपर्यंत तिसरा हिस्सा उरतो. पॅरॉक्सेटीन या तशाच दुसऱ्या औषधाचा तर पाचवा हिस्सा. मग गोळी घेतली की वर, परत खाली. म्हणजे दर दोन दिवसांनी सोडण्याचा त्रास नव्याने. फ्लुओक्सेटीनच्या बाबतीत हे चालून जातं, कारण ते रेंगाळतं. बाकीच्यांसाठी रोज थोडी कमी गोळी बरी.

राहिले ते सात दिवस. हा आकडा मेसेजवाल्याने हवेतून काढलेला नाही, एवढं श्रेय त्याला देते. ब्रिटनमधल्या 'नाइस' या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांमध्येच कित्येक वर्षं लिहिलेलं होतं, की लक्षणं सहसा सौम्य असतात आणि आठवडाभरात आपोआप जातात. २०१९ च्या मे महिन्यात तिथल्या रॉयल कॉलेज ऑफ सायकायट्रिस्ट्सने भूमिका बदलली. ऑक्टोबरमध्ये 'नाइस'नेही मजकूर दुरुस्त केला : काहींना त्रास तीव्र होतो आणि लांबतो. आठवडे, क्वचित महिने. आपल्याकडे जुनं वाक्य अजून फिरतंय.

त्यामुळेच 'आठव्या दिवशीही त्रास म्हणजे आजार परत आला' हे वाक्य माणसाला फसवतं. मी फसले. मार्चमधल्या त्या खेपेत नवव्या दिवशी एका डॉक्टरांकडे गेले. त्यांनी गोळी कधी थांबवली हे विचारलंच नाही. "रिलॅप्स आहे" म्हणाले आणि डोस दुप्पट केला. आजाराची आणि सोडण्याच्या त्रासाची लक्षणं एकमेकांत मिसळतात, पण खुणा असतात. सोडण्याचा त्रास बहुतेकदा दिवसांत सुरू होतो, आजार बहुधा काही आठवड्यांनी हळूहळू पाय पसरतो. झटके, चक्कर, मळमळ माझ्या मूळच्या आजारात कधीच नव्हते. आणि गोळी परत घेतल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बरं वाटलं, तर तो आजार नसण्याची शक्यता मोठी. आजाराला उतरायला आठवडे लागतात. म्हणून डोस कमी करताना तारीख आणि रोजची दोन ओळींची नोंद ठेवा. दवाखान्यात पाच मिनिटं मिळतात, तेव्हा ती वहीच बोलते.

'आयुष्यभर'चं काय? ब्रिटनमधल्या एका अभ्यासात, जो २०२१ साली प्रसिद्ध झाला, बरेच दिवस गोळी घेऊन आता बरं वाटत असलेल्या ४७८ जणांचे दोन गट केले. गोळी चालू ठेवलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना वर्षभरात नैराश्य परतलं, थांबवलेल्यांपैकी ५६ टक्क्यांना. धोका खरा आहे, तो मी लपवणार नाही. काहींनी गोळी चालू ठेवणंच शहाणपणाचं, त्यात कमीपणा काही नाही. पण थांबवलेल्यांपैकी ४४ टक्के वर्षभर ठीक राहिले, आणि तिथे गोळी दोनेक महिन्यांतच उतरवली होती.

गोळी कमी करताना जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार आले, फिट आली, किंवा माणूस दिवसरात्र न झोपता भलत्याच उत्साहात वावरायला लागला, तर वही वगैरे बाजूला ठेवून लगेच डॉक्टर. रात्री-अपरात्री कुणीच सापडत नसेल तर 'टेलिमानस'चा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालतो. मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

यातलं थोडंसं मी घरच्या ग्रुपवर लिहिलं होतं. मेसेज टाकला होता आमच्या अण्णांनी, माझे थोरले चुलतभाऊ. ग्रुपवर ते काही बोलले नाहीत. संध्याकाळी सातला फोन आला.

"ते प्लस का काय म्हणालीस, ते कुठं लिहिलेलं असतं?"

"स्ट्रिपवर अण्णा, नावाच्या शेजारी. कुणाची आहे?"

थोडा वेळ फक्त कागद चुरचुरल्याचा आवाज. मग चष्मा लावून त्यांनी सावकाश वाचलं, "एस्सिटॅलोप्राम दहा. क्लोनाझेपाम... शून्य पॉइंट पाच." आणि आवाज खाली आणून, "तुझ्या वहिनीची आहे गं. मंगळवारपासून बंद केलीये मीच."

शुक्रवार होता. त्यांच्या डॉक्टरांचा दवाखाना आठला बंद होतो. मी म्हटलं, "फोन ठेवा आणि रिक्षा बोलवा. स्ट्रिप बरोबर घ्या."