सही केली म्हणून जमीन जात नाही, काकी

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातली माझी काकी ग्रामसभेतून पाणलोट समितीच्या, म्हणजे गावात पाणी अडवण्या-मुरवण्याची कामं बघणाऱ्या समितीच्या, कागदावर सही न करताच घरी आली. कारण मोबाइलवर फिरणारा एक मेसेज. त्याचं म्हणणं असं: गोव्यात धो धो पाऊस, पाणलोट हे घाटावरच्या दुष्काळी गावांचं खूळ, बंधारा घातला की खालच्या विहिरी सुकतात, कर्नाटक वळवू बघतंय ती म्हादई नदी आधी वाचवा, व्हाळ (ओढे) कसले अडवता, आणि समितीच्या कागदावर सही केली की जमीन सरकारजमा. खाली ‘जागे व्हा गोंयकारांनो’ आहेच.

शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण काकी घाबरली ती त्याला. केंद्राची 2008ची पाणलोट मार्गदर्शक तत्त्वं काढून बघा (2021पासून नव्या प्रकल्पांना नवी तत्त्वं आहेत). त्यांत समिती नेमायची ती ग्रामसभेने. खाजगी जमिनीत बांध-चर झाले तर खर्चाचा किमान 10 टक्के वाटा मालकाने घालायचा, अल्पभूधारकाने 5 टक्के. तो गावाच्या निधीत जायचा आणि पुढच्या डागडुजीला यायचा. सरकारला जमीन गिळायचीच असेल तर तिथल्या बांधाची वर्गणी मालकाकडून कशाला मागेल? भूसंपादनाला 2013चा वेगळा कायदा आहे. त्यात अधिसूचना निघते, हरकती घेतात, मोबदला ठरतो. ग्रामसभेच्या वहीतल्या सहीवर जमिनी जात नाहीत.

आता एक गोष्ट नाइलाजाने मान्य. ही भीती हवेतून आलेली नाही. म्हादई अभयारण्य 1999 साली जाहीर झालं आणि आतल्या लोकांचे हक्क ठरवायचं काम रखडलं. सत्तरीतल्याच शेळ-मेळावली गावात आयआयटीसाठी जमीन मोजायला आलेल्यांना लोकांनी अडवलं, 2021च्या जानेवारीत सरकारला माघार घ्यावी लागली. ज्या जमिनीत आजोबांनी काजू लावले तिच्या एक-चौदावर (गोव्यातला सातबारा) आपलं नावच नाही, अशा माणसाला सरकारी कागद दिसला की धडकी भरणारच. मेसेज लिहिणाऱ्याने नेमकं तिथेच बोट घातलंय, म्हणून जास्त चीड येते. शंका आहे? मग कागद सभेत मोठ्याने वाचायला लावा. समितीत निदान निम्मे सदस्य बचत गट, वापरकर्ते गट, अनुसूचित जाती-जमाती, महिला आणि भूमिहीन यांच्यातले हवेत असं त्याच तत्त्वांत लिहिलंय. काकीच उठून आली तर त्या खुर्चीत बसणार कोण? कंत्राटदाराचा भाचा!

पावसाचं म्हणाल तर तो 3000 मिलिमीटरच्या आसपास पडतो हे खरं, पण बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात. उतार तीव्र, खाली जांभा. पाणी झटकन मुरतं आणि तितक्याच झटकन झऱ्यांतून निघून जातं. मग मे महिन्यात टँकरची वाट बघायची. आणि घाटावरचं खूळ म्हणे! वायंगणासाठी, म्हणजे उन्हाळी भातासाठी, दर वर्षी व्हाळात मातीचा बांध घालायचे ते काय घाटावरून आले होते? कुळागरातले (पोफळीच्या बागेतले) पाट कोणी काढले?

म्हादईचा लढा लढूयाच. पण काकीच्या परसामागचा व्हाळ कर्नाटक वळवत नाही, तो आपल्या डोळ्यांदेखत समुद्राला जातोय.

राहिल्या विहिरी. अडलेलं पाणी मुरून खालच्या विहिरींनाच लागतं. खरी तक्रार वेगळीच आहे, ती या मेसेजवाल्याला सुचलीही नाही. बंधाऱ्यात पाणी अडवायला बसवलेल्या फळ्या पावसाआधी काढल्या नाहीत तर पहिल्याच पुरात पाणी बाजूने वाट काढतं, काठ तुटतो आणि गाळ शेजारच्या पोफळींत जाऊन बसतो. फळ्या कोणी काढायच्या, कुठल्या तारखेला, आणि काढल्यावर ठेवायच्या कुणाच्या गोठ्यात, हे पुढच्या ग्रामसभेत विचारा.