रिफ्रेश मार, रिफ्रेश

कॉलेजच्या सूचना फलकावर सध्या माझं नाव झळकतंय. मथळा आहे, 'संगणकाचे प्राथमिक ज्ञान नसलेले विद्यार्थी'. यादी संगणकावरच टाइप केलेली आहे आणि तिच्यात माझ्या आडनावातला रफार उडून भलत्याच अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसलाय. जुन्या फॉन्टात टाइप केलं की मराठीची अशी मोडतोड होते. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, केलं तर होत नाही, आणि युनिकोड काही काल आलेलं नाही, १९९१ पासून आहे. पण ते असो. अडाणी मी.

झालं एवढंच, की असाइनमेंट पोर्टलवर चढवायचा शेवटचा दिवस होता आणि माझा लॅपटॉप दुरुस्तीला गेला होता, म्हणून मी लॅबमध्ये जाऊन बसले. पोर्टलला पीडीएफ लागते, तीही २ एमबीच्या आत. फ्लॉपीत १.४४ एमबी मावायचं. म्हणजे फ्लॉपीच्या जमान्यापासून आजवर आमच्या पोर्टलने जेमतेम अर्ध्या एमबीची मजल मारली आहे. आकृत्यांचा फोनवर काढलेला एकेक फोटोच त्याहून जड. ते सगळे आवळून, एकत्र करून, फाइलच्या नावातल्या मोकळ्या जागा काढून (पोर्टलला त्या चालत नाहीत; का, ते पोर्टललाच ठाऊक) मी फॉर्मचे ढीगभर रकाने भरले, फाइल जोडली आणि 'सबमिट' दाबलं. निळी पट्टी हलायला लागली.

तेवढ्यात मागून आवाज आला, "रिफ्रेश मार."

वळून पाहिलं तर एक गृहस्थ उभे. कॉलेजचे कर्मचारी, कुणाचे पालक, की नुसतेच आलेले, हे मला आजतागायत कळलेलं नाही. प्रिंटरमधून त्यांचा कागद यायचा होता आणि प्रिंटर नेमका माझ्या खुर्चीमागे. हातात रिकामा वेळ आणि समोर दुसऱ्याचा स्क्रीन, एवढ्या भांडवलावर कुणीही तज्ज्ञ होतो.

"चढतेय हो काका. चाळीस टक्के झाली."

"चाळीसवर अडकलीय."

"एकेचाळीस झाली बघा."

"तेच म्हणतोय मी. रिफ्रेश मार, एकदम पुढे जाईल."

"नाही काका, रिफ्रेश केलं तर पहिल्यापासून चढवावी लागेल."

"मग बरंच की. दुसऱ्या खेपेला त्याला रस्ता माहीत असतो."

यावर मला काही सुचेना. त्यांना मात्र सुचत होतं. ते अर्धं पाऊल पुढे सरकले आणि माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून, आपलं गुपित सांगावं तसं सांगू लागले, "मी सकाळी मशीन चालू केलं ना, की आधी काही उघडत नाही. डेस्कटॉपवर राइट क्लिक, रिफ्रेश. राइट क्लिक, रिफ्रेश. पाच-सात वेळा. मग मशीन कसं मोकळं होतं."

"त्याने फक्त आयकॉन पुन्हा मांडले जातात काका. मशीन मोकळं-बिकळं होत नाही."

"होतं. आवाज येतो."

"कसला आवाज?"

"पंख्याचा. कमी होतो."

खरं तर इथेच मी गप्प बसायला हवं होतं, पण खोडून काढायची खुमखुमी. डेस्कटॉपवरचं रिफ्रेश म्हणजे 'या खिडकीत काय काय आहे ते परत बघ आणि परत काढ' एवढाच हुकूम असतो, मेमरीशी त्याचा संबंध नाही, असं मी सांगत असतानाच त्यांनी बोट पुढे केलं आणि स्क्रीनवर, अगदी टक्क्यांच्या आकड्यावरच, टेकवलं. बोटाला तेल होतं की टोनर, देव जाणे. उचललं तेव्हा तिथे एक गोलसर डाग उरला आणि त्याखालचे टक्के अठ्ठावन्न आहेत की अडुसष्ट, तेच मला दिसेना.

"बघ, हलत नाहीये."

"डागामुळे दिसत नाहीये काका."

"थांब."

हे 'थांब' म्हणताना माणूस स्वतः थांबत नाही, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं म्हणा. त्यांचा हात माझ्या खांद्यावरून आला आणि एफ फाइव्हवर, म्हणजे रिफ्रेशच्याच बटणावर, पडला. ब्राउझर बिचारा शहाणा. त्याने खिडकी उघडून विचारलं की पान सोडायचं का, भरलेलं सगळं जाईल. मी "नको" म्हणेपर्यंत त्यांनी एंटर मारलं होतं.

"असल्या खिडक्या वाचत बसायचं नसतं," ते म्हणाले. "घाबरवतात."

पान पुन्हा उघडलं. सगळे रकाने रिकामे, फाइल गायब, पट्टी गायब. त्यांनी समाधानाने मान हलवली. "आता बघ. कसं स्वच्छ झालं."

आणि प्रिंटरमधून त्यांचा कागद आला. तो घेऊन ते निघून गेले. कागदाकडे बघून "हां, आला बरोबर" असं स्वतःशीच म्हणाले, ते मला अजून ऐकू येतं आणि अजून डोकं तडकतं.

पुढचं थोडक्यात. मी धडाधड रकाने भरत होते, त्यात पोर्टलने मला बाहेर काढलं, पुन्हा लॉगिन, आणि तोवर वेळ संपली. लॅबचे सर आले. त्यांना सांगितलं, सर, एका काकांनी एफ फाइव्ह दाबलं. "कोणत्या काकांनी?" सरांनी विचारलं. आता कोणत्या म्हणून सांगू? "तुम्हा मुलांना फोन दिला की उडता आणि कीबोर्ड दिला की बसता," असं म्हणून सरांनी एका कागदावर माझं नाव लिहून घेतलं. तोच कागद रफार हलवून फलकावर लागलाय. शनिवारी सकाळी प्राथमिक वर्ग. हजेरी सक्तीची.

आमच्या पिढीबद्दलचा हा घोळ जुना आहे. २००१ साली मार्क प्रेन्स्की नावाच्या अमेरिकन लेखकाने 'डिजिटल नेटिव्ह' ही कल्पना मांडली. म्हणजे आम्ही या दुनियेत जन्मलेले, बाकीचे बाहेरून येऊन स्थायिक झालेले. मांडणी झकास होती, फक्त तिच्यामुळे आम्हाला कुणी काही शिकवेनासं झालं. माशाच्या पिल्लाला पोहायला कोण शिकवतं? आणि पिल्लू गटांगळ्या खायला लागलं की हेच लोक काठावरून, "अरेच्चा, मासा ना तू?"

फोनवर वाढलेल्या मुलांना फोल्डर कळत नाहीत, हे मीही बघते. पण फोनने ते कधी दाखवले? फोनवर फोटो 'असतो'. कुठे असतो, हा प्रश्नच फोन पडू देत नाही; तो लपवण्यावर तर कंपन्यांनी वर्षानुवर्षं मेहनत घेतली आहे. मग एक दिवस कॉलेजात येऊन कुणीतरी खेकसतं, "पाथ काय आहे फाइलचा?" लॅबची मशिनं बंद केली की त्यांच्यावर जतन केलेलं सगळं पुसलं जातं, अशी आमच्याकडे व्यवस्था आहे. चांगली व्यवस्था आहे, व्हायरस राहत नाहीत. पण हे पहिल्या वर्षी कुणी सांगितलं नाही. एका मैत्रिणीचं अख्खं प्रेझेंटेशन पुसलं गेलं तेव्हा कळलं. तिलाही तेव्हा 'तुझ्या पिढीला' हे ऐकावं लागलंच.

फलकावर नाव लागल्याच्या रागात मी शोधाशोध केली, तेव्हा एक अहवाल सापडला. १९९९ सालचा, अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलचा, लॉरेन्स स्नायडर यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने केलेला. विषय हाच, की माहिती तंत्रज्ञानावर हुकूमत असणं म्हणजे काय. या लोकांनी त्याच्या तीन बाजू मांडल्या: हाताची कौशल्यं, मुळातल्या संकल्पना आणि डोकं चालवण्याची क्षमता; प्रत्येकीच्या खाली दहा-दहा गोष्टी. स्प्रेडशीट वापरता येणं, नेटवरून माहिती काढणं, ही झाली कौशल्यं, आणि ती वस्तू बदलली की जुनी होतात. तिसऱ्या गटात मात्र सलग विचार करणं, बिघडलेल्या व्यवस्थेतली अडचण निस्तरणं आणि अनपेक्षित घडेल हे धरून चालणं, अशा गोष्टी आहेत. अनपेक्षित! मी वाचताना थांबलेच. इतक्या जाणत्या माणसांनी खांद्यावरून येणाऱ्या हाताचा नावानिशी उल्लेख केलेला नाही, पण जागा ठेवलेली आहे.

आमचा अभ्यासक्रम मात्र पहिल्या गटातही अर्ध्यावर अडकलेला. ठळक कसं करायचं, तिरपं कसं करायचं, रेघ कशी ओढायची. संकटसमयी काय करायचं, हे रिफ्रेशवाल्यांवर सोडलेलं.

पासवर्डचंही तसंच. आमचं पोर्टल दर थोड्या दिवसांनी पासवर्ड बदलायला लावतं आणि त्यात मोठं अक्षर, अंक, चिन्ह हवंच म्हणतं. हा नियम ज्या मार्गदर्शिकेमुळे जगभर पसरला ती अमेरिकेच्या मानक संस्थेने २००३ च्या सुमारास काढली होती. ती लिहिणाऱ्या बिल बर यांनीच २०१७ मध्ये कबूल केलं की त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा आता पश्चात्ताप होतो. त्याच वर्षी त्या संस्थेने भूमिका बदलली: विनाकारण ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नका, लांबी महत्त्वाची, चिन्हांची सक्ती नको. कारण माणसं काय करतात? शेवटचा १ काढून २ लावतात. लिहिणाऱ्याला पश्चात्ताप झाला तरी आमच्या पोर्टलला निरोप पोचलेला नाही. लॅबमधल्या माझ्या मशीनचा पासवर्ड कीबोर्डखाली चिकटपट्टीने लावलेला आहे, तोही तीनदा खोडून. तो लावणाऱ्याचं नाव कुठल्याही यादीत नाही.

शनिवारचा वर्ग चुकवायचा एक मार्ग होता. आधी एक चाळणी परीक्षा घेतात, ती पास झालं तर सुटका. मी दिली. कागदावर. संगणकाची परीक्षा, गोल पेनाने काळे करायचे, तपासणार मशीन. पहिले काही प्रश्न माऊसला किती बटणं असतात छापाचे. मग आला, 'टचस्क्रीन हे कोणत्या प्रकारचे उपकरण आहे?' पर्याय: इनपुट, आउटपुट, साठवणूक, यांपैकी नाही.

टचस्क्रीन दोन्ही असतो. बोट ओळखतो म्हणून इनपुट, चित्र दाखवतो म्हणून आउटपुट. शेंबड्या पोराला माहीत असतं. मी हात वर केला. पर्यवेक्षिका बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्यातल्या त्यात बरोबर वाटेल ते कर."

"बाई, दोन बरोबर आहेत."

"मग कुठलंही कर, एक तर बरोबर येईल."

"दोन्ही गोल केले तर?"

"मशीन चूक धरेल."

"मग मशीनचं चुकतंय."

"मशीनचं कसं चुकेल?" बाईंनी खरोखरच कुतूहलाने विचारलं.

मी इनपुटचा गोल काळा केला आणि शेजारच्या समासात बारीक अक्षरात लिहिलं, 'आउटपुटसुद्धा. प्रश्न सदोष आहे.' खाली दोन ओळी कारण दिलं. अक्षर माझं चांगलं आहे.

काल निकाल लागला. माझ्या नावापुढे गुण नाहीत. चौकशी केली तर कळलं की समासातल्या मजकुरामुळे मशीनने उत्तरपत्रिका वाचायला नकार दिलाय. आता ती कुणीतरी हाताने तपासणार आहे म्हणे, आणि तोवर मी शनिवारी यायचंच आहे.