जाड बार घेण्याआधी

गाडी वळणात झुकते, म्हणून बाजारात मिळेल तो सर्वांत जाड स्टॅबिलायझर बार बसवायचा, असं नाशिकमधली गाडीवेडी मुलं हल्ली सर्रास करतात. मला हे अजिबात पटत नाही.

बार म्हणजे डाव्या-उजव्या चाकांच्या सस्पेन्शनला जोडणारी, पिळली जाणारी स्प्रिंग. त्याने झुकणं कमी होतं, हे खरं. पण वळणात बाहेरच्या चाकांवर सरकणारं एकूण वजन त्याने फारसं घटत नाही. ते ठरतं गुरुत्वमध्याच्या उंचीवर, चाकांमधल्या अंतरावर आणि वळण किती जोरात घेतलं यावर. त्या वजनाचा पुढच्या टायरांवर किती भार आणि मागच्या टायरांवर किती, हे बार ठरवतो. जिथला बार कडक, तिथली पकड आधी सुटते. पुढचा जाड केलात तर स्टिअरिंग वळवूनही गाडी सरळ जाऊ बघेल. मागचा केलात तर मागची बाजू बाहेर निघेल.

म्हणून फ्रंट-व्हील ड्राइव्ह (इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना देणाऱ्या) गाडीत मी फक्त मागून सुरुवात करा म्हणेन. रिअर-व्हील ड्राइव्हमध्ये, म्हणजे ताकद मागच्या चाकांना जाते तिथे, मात्र जपून. मागचं आतलं चाक हलकं झालं की साध्या डिफरन्शियलमध्ये (दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरमध्ये) ते नुसतं गरगरतं आणि ताकद वाया जाते.

जाडीचा हिशेब फसवा आहे. भरीव बारचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. २० मिमीचा २२ केला की तो सुमारे ४६ टक्के जास्त कडक होतो! दोन मिलिमीटर किरकोळ वाटतात, पण गाडीचा स्वभाव बदलतो.

आणि आपले रस्ते बघा. एक चाक खड्ड्यात गेलं की कडक बार तो धक्का दुसऱ्या चाकालाही देतो. पावसाळ्यात त्र्यंबक रोडला ओल्या, उखडलेल्या डांबरावर मला मऊ बारच हवा. त्यामुळे दोन-तीन भोकांचा, कडकपणा बदलता येणारा ॲडजस्टेबल बार घ्या आणि लिंक रॉड (बारला सस्पेन्शनशी जोडणारी दांडी) टोकाकडच्या भोकात लावून सुरू करा. तिथे तो सर्वांत मऊ असतो. त्याआधी चांगले टायर टाका, जुने बुश (बार धरणारे रबरी तुकडे) आणि लिंक रॉड तपासा. लिंक शेवटी कसताना गाडी चाकांवर उभी हवी, जॅकवर लटकलेली नको.

बसवल्यावर पहिली परीक्षा कसारा घाटात घेऊ नका, कळकळीने सांगतो. तिथे शेजारून भरलेले ट्रक उतरत असतात. मोकळं, बंद मैदान शोधा, कमी वेगात गोल फिरवा आणि आधी पुढचं सुटतं की मागचं, ते बघा.