ओळंबा फक्त उभ्या माणसाला लावून भागत नाही

काका, नमस्कार.

शरीराची ठेवण कशी तपासावी यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही रागावून लिहिलंत, की तुमच्या आई जन्मभर वाकून तांदूळ निवडत आल्या, भाकऱ्या थापत आल्या, तरी ऐंशीव्या वर्षापर्यंत त्यांची कंबर दुखली नाही. आमच्यासारखे फिजिओथेरपिस्ट मात्र ताठ बसण्याचं खूळ काढून धडधाकट माणसांना पेशंट करतात, असंही तुमचं म्हणणं. नववीतल्या नातीला लेख दाखवून सूनबाई दिवसभर टोकतात, हेही लिहिलंत. ते वाचून मला फार वाईट वाटलं.

ठेवण आणि दुखणं यांचं सरळ गणित नसतं, हे मी लेखात लिहायला हवं होतं. पोक असूनही ठणठणीत असलेली कितीतरी माणसं मी रोज बघते. तुमच्या आई वाकून बसत, पण लगेच उठतही असतील: पाणी भरायला, चुलीकडे, पुन्हा खाली. तासन्‌तास एकाच जागी त्या अवघडून बसल्या नसणार.

माझी खरी चूक दुसरीच झाली. कानाची पाळी, खांद्याचं टोक, खुब्याचा उंचवटा, गुडघा आणि घोट्याच्या जरा पुढची जागा ओळंब्याच्या, म्हणजे वजन बांधून सोडलेल्या दोऱ्याच्या, एका रेषेत येते का, एवढंच मी सांगितलं. ही झाली उभ्या माणसाची तपासणी. तेवढ्यावर निकाल द्यायचा नसतो.

मागे तेरा वर्षांची एक मुलगी आली होती. ड्रेस एका बाजूला लोंबतो म्हणून शिंप्याने दोनदा उसवून शिवला होता. तिच्या कमरेच्या दोन्ही हाडांवर हात ठेवले, तर उजवा हात खाली. कडक स्टुलावर बसवलं, तर दोन्ही हात समान! म्हणजे पाठ बरी होती, फरक कमरेखाली होता. उभी असताना उजव्या तळपायाची कमान सपाट व्हायची, टाचा उचलल्या की पुन्हा दिसायची. त्या कमानीखाली आधार दिला आणि कंबर सरळ झाली. मी तिला फक्त उभी पाहिली असती, तर ‘नीट उभी राहत जा’ म्हणून घरी पाठवलं असतं.

पोकाचंही तसंच. पालथं झोपल्यावर तो गेला तर बहुधा सवयीचा, राहिला तर हाडांच्या घडणीचा असू शकतो. मांडी घालून बसल्यावर पाठ वाकते, पण बुडाखाली पाट घेतला की आपोआप सरळ होते ना? मग बोल पाठीला लावू नये, खुबे आखडलेले असतात. अशा माणसाला ‘ताठ बस’ म्हणणं हा त्याच्यावर अन्याय आहे. पाठ ताठ होते आणि दोन मिनिटांत दमते.

एका बाबतीत मात्र मी मागे हटणार नाही. वाढीच्या वयात कणा बाजूला वाकत असेल तर तो वाक झपाट्याने वाढू शकतो, आणि सुरुवातीला दुखत नाही, म्हणून कळतही नाही. सूनबाईंना सांगा, नातीला पाय जुळवून, गुडघे सरळ ठेवून, हातांचे तळवे एकमेकांना लावून पुढे वाकायला लावा आणि मागून पाठ बघा. एका बाजूच्या बरगड्या उंच दिसल्या तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. दोन्ही बाजू सारख्या असतील आणि पोरीला काही त्रास नसेल, तर तिला टोकणं आजपासून बंद करा.