भुतं लपवा, नाच दाखवा

परवा एका मैत्रिणीने विचारलं, "तू भयपट बघतेस, रडवणाऱ्या प्रेमकथा बघतेस, मारामारीही सोडत नाहीस. तुला नेमकं आवडतं तरी काय?" तेव्हा मला नीट सांगता आलं नाही. दोन दिवस डोक्यात तेच घोळत होतं. आता सापडलंय असं वाटतंय, म्हणून सविस्तर लिहिते. काही सिनेमांचे प्रसंग उघड होतील, तेवढी तयारी ठेवून वाचा.

माझ्या लेखी सिनेमे दोनच जातीचे. लपवणारे आणि दाखवणारे. भयपट, रहस्यपट, प्रेमकथा लपवण्यावर जगतात. विनोद, नाच, मारामारी दाखवण्यावर. अलीकडे ज्या सिनेमांवर मी चिडते, त्यातल्या बहुतेकांनी नेमकी याचीच अदलाबदल केलेली असते. भुताचा चेहरा दहाव्या मिनिटाला पडदाभर, आणि नायकाचा गुद्दा मात्र दिसतच नाही, कारण तो लागायच्या आत तीन कट होऊन गेलेले असतात.

'जॉज' घ्या. १९७५ सालचा. स्टीव्हन स्पीलबर्ग तेव्हा तिशीचाही नव्हता, आणि टाकीत नाही, खऱ्या समुद्रातच शूटिंग करायचं हा त्याचा हट्ट होता. यांत्रिक शार्क खाऱ्या पाण्यात सारखा बंद पडायचा. ५५ दिवसांचं ठरलेलं शूटिंग १५९ दिवसांवर गेलं. आता शार्कच नाही म्हटल्यावर दाखवायचं काय? तर पाण्याच्या पातळीवर टेकवलेला कॅमेरा, संगीतकार जॉन विल्यम्सचे ते दोन स्वर, आणि पाण्यावरून पळणारी पिवळी पिंपं. शार्क पूर्ण दिसायला तासाहून जास्त वेळ जातो.

त्या पिंपांवर माझा फार जीव आहे. पिंप म्हणजे तरंगणारी वस्तू. ते शार्कला दोरीने बांधलेलं असतं, आणि आपल्या डोळ्यांदेखत ते पाण्याखाली ओढलं जातं. एक नाही, एकामागून एक. खाली किती ताकद आहे याचा हिशोब कुणी सांगत नाही, तो आपण बसल्या जागी करतो आणि आपल्याच हिशोबाला घाबरतो. लोक म्हणतात, यंत्र बिघडलं म्हणून सिनेमा चांगला झाला, नशीब त्याचं. मला हे पटत नाही. यंत्र बिघडणं नशीब असेल, पण पिंपाकडे बघून माणसं घाबरतील हे सुचणं नशीब नाही. आणि त्या तुकड्यांतून भीतीची लय बांधणारी संकलक व्हर्ना फील्ड्स, तिला ऑस्कर मिळालं ते काय शार्कच्या बिघाडामुळे?

हिचकॉकचा 'सायको' (१९६०) तर या कलेचं विद्यापीठ. न्हाणीघरातला तो खून. जेमतेम पाऊण मिनिटाच्या मारासाठी सात दिवस शूटिंग झालं. बघणारा शपथेवर सांगतो की मी चाकू अंगात घुसताना बघितला. शांतपणे पुन्हा बघा, तसं जवळजवळ काही दिसतच नाही. दिसतो हात, तोंड, पडदा, पाणी, पुन्हा हात. हिचकॉकला त्या प्रसंगात संगीतच नको होतं. संगीतकार बर्नार्ड हरमनने तरीही लिहिलं, ऐकवलं, आणि हिचकॉकने मत बदललं. अख्ख्या सिनेमाचं संगीत फक्त तंतुवाद्यांचं आहे. एकदा तो प्रसंग आवाज बंद करून बघा आणि मग फक्त ऐका. मला डोळे मिटून ऐकताना जास्त भीती वाटली.

स्टॅनली कुब्रिकने '२००१ : अ स्पेस ओडिसी'साठी परग्रहवासी कसे दिसावेत यावर बरेच प्रयोग करून बघितले आणि शेवटी ते दाखवायचेच नाहीत असं ठरवलं. सिनेमा १९६८चा, माणूस चंद्रावर उतरायच्या आदल्या वर्षीचा. मला त्याचा हा एक निर्णय सगळ्या यानांपेक्षा आणि फिरत्या स्थानकांपेक्षा मोठा वाटतो. त्यातला खलनायकसुद्धा बघा ना, यानातला एक संगणक, नुसता एक लाल डोळा आणि एक शांत, नम्र आवाज. चेहराच नाही, त्यामुळे तो खोटं बोलतोय का हे ओळखायला आपल्या हातात काही नाही. रबराचे मुखवटे घालून आरडाओरडा करणारे शेकडो खलनायक नंतर येऊन गेले, त्या लाल दिव्याची सर एकालाही नाही.

आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर राही बर्वे यांचा 'तुंबाड' (२०१८). त्यातलं भूत शेवटी दिसतं, अगदी स्पष्ट दिसतं, म्हणजे माझ्या नियमाप्रमाणे तो फसायला हवा होता. फसत नाही, कारण तोवर आपण त्या भुताला, हस्तरला, घाबरणं सोडून नायकाच्या हव्यासाला घाबरायला लागलेलो असतो. आणि तो पाऊस! पुढल्या दारापलीकडे काय आहे हे दिसू न देणारा पाऊस. खऱ्या पावसासाठी ही मंडळी कित्येक पावसाळे थांबली. साखळीने जखडलेल्या म्हातारीच्या प्रसंगाला नारायण धारपांच्या कथेची प्रेरणा आहे, हे धारप वाचत वाढलेल्यांना वेगळं सांगायला नको.

आता प्रेमकथा. हा प्रकार मी भयपटांच्या शेजारी ठेवते म्हणून मैत्रीण हसली होती. तिने 'इन द मूड फॉर लव्ह' बघावा. वाँग कार-वाई, २०००. शेजारी राहणारे दोघं, एक पुरुष आणि एक बाई, दोघांचीही लग्नं झालेली, आणि त्यांच्या लक्षात येतं की आपल्या जोडीदारांचं एकमेकांशी काहीतरी चाललंय. त्या जोडीदारांचे चेहरे सिनेमाभर एकदाही दिसत नाहीत. पाठ दिसते, आवाज येतो, बस्स. ज्यांच्यामुळे सगळं घडलं त्यांनाच चौकटीबाहेर ठेवलंय. अरुंद जिने, अरुंद बोळ, एकमेकांना घासून जाताना चोरलेलं अंग. स्पर्श म्हणावा असा एखादाच, आणि तो येतो तेव्हा मला श्वास घेता येत नाही. हे दोघं एकमेकांशी जे बोलत नाहीत ते ऐकण्यासाठी मी हा सिनेमा चारदा बघितलाय. पावसात पदर भिजवून जे साधत नाही ते इथे डबा घेऊन जिना उतरणाऱ्या बाईच्या चालीत साधलंय.

कोर्टाचे सिनेमेही लपवणाऱ्यांतलेच. 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' (१९५७) मध्ये खून दिसत नाही, खटला दिसत नाही, आरोपी मुलाचा चेहरा सुरुवातीला क्षणभर दिसतो आणि संपला. उरलेला जवळपास सगळा वेळ एक खोली आणि बारा माणसं. सिडनी ल्युमेटचा हा पहिला चित्रपट, आणि त्याने केलेली गंमत मला फार उशिरा कळली. सुरुवातीला कॅमेरा माणसांच्या डोळ्यांच्या वर आहे. मग तो डोळ्यांच्या पातळीवर येतो, शेवटच्या भागात त्याच्याही खाली. छत दिसायला लागतं. भिंगंही हळूहळू अशी बदलत नेलीयत की भिंती माणसांना येऊन चिकटल्यासारख्या वाटतात. खोली तेवढीच असते, पण आपल्याला गुदमरायला होतं. आणि शेवटी बाहेरच्या पायऱ्यांवर एकदम मोकळा, रुंद शॉट येतो. मी दर वेळी तिथे मोठा श्वास सोडते. आधी वाटायचं की गोष्टीमुळे. नंतर कळलं, भिंगामुळेही.

त्याच्या अगदी समोर चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' (२०१४). कॅमेरा एका जागी उभा, जवळ जायला तयारच नाही. वाद-प्रतिवाद रंगतोय असं वाटेपर्यंत तारीख पडते. वकील घरी गेले की सिनेमाही त्यांच्या मागे घरी जातो. आणि तो शॉट: कामकाज संपतं, माणसं निघून जातात, एकेक दिवा बंद होतो, खोली काळी होते आणि कॅमेरा त्या अंधारात तसाच उभा. सिनेमा संपला असं समजून आपण उठायला लागतो, तर तो संपलेला नसतोच. व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात त्याला दोन पुरस्कार मिळाले याचा मला आनंद आहेच, पण त्या अंधाराचा जास्त आहे.

आता दाखवणारे.

मूकपटांतला विनोदवीर बस्टर कीटन. 'स्टीमबोट बिल ज्युनिअर', १९२८. वादळ सुटलंय, कीटन एका घरासमोर उभा आहे, आणि घराची अख्खी दर्शनी भिंत त्याच्या अंगावर कोसळते. वरच्या मजल्यावरची उघडी खिडकी बरोबर त्याच्यावरून जाते, म्हणून तो वाचतो. भिंत खरी होती, सुमारे दोन टनांची, आणि खिडकीला दोन्ही बाजूंनी उरलेली जागा काही इंचांची. हा शॉट लांबून घेतलाय. माणूस, भिंत, खिडकी, सगळं एकाच चौकटीत. हेच तुकडे करून दाखवा बरं: आधी भिंत, मग घाबरलेला चेहरा, मग धूळ. कुणालाही हसू येणार नाही आणि काळजाचा ठोकाही चुकणार नाही. विनोदाला पुरावा लागतो. कीटनचा चेहरा तर मख्ख, तो आपल्याला "हसा आता" असं कधीच सांगत नाही.

'जाने भी दो यारो' (१९८३) मधलं महाभारतही याच कारणाने चिरंजीव आहे. प्रेत रंगमंचावर आहे, भरल्या प्रेक्षकांसमोर आहे, द्रौपदीच्या वेशात आहे. काहीही लपवलेलं नाही. प्रेताच्या भूमिकेतले सतीश शाह ज्या निष्ठेने निर्जीव राहिलेत त्याला मी अभिनयाच्या सर्वोच्च रांगेत बसवते.

नाचाचं तेच. फ्रेड अस्टेअरचा आग्रह असायचा की नाचताना मला डोक्यापासून पायापर्यंत दाखवा आणि कमीत कमी तोडा. इतकी साधी गोष्ट! पाय दिसत नसतील तर तो नाच कसला? 'सिंगिंग इन द रेन' (१९५२) मधलं पावसातलं गाणं करताना जीन केलीच्या अंगात १०३ ताप होता. पडद्यावर दिसतो तो फक्त आनंद, पायापासून छत्रीच्या टोकापर्यंत. आजची कितीतरी गाणी मी बघते तेव्हा कंबर दिसते, मग डोळे, मग हवेतला ड्रोन, मग पुन्हा कंबर. त्या मुलीने महिनोन्महिने तालीम केलेली असणार. तिचा नाच कुणीतरी कापून फेकून दिलाय, आणि मला तिच्यासाठी वाईट वाटतं.

मारामारीत जॅकी चॅन. 'पोलीस स्टोरी' (१९८५), शेवटी मॉलमधल्या दिव्यांनी मढवलेल्या खांबावरून तो घसरत खाली येतो, काच फोडून पडतो. हात भाजले त्याचे. तो स्टंट सिनेमात लागोपाठ वेगवेगळ्या कोनांतून पुन्हा पुन्हा दाखवतात. कथेच्या दृष्टीने चूक, पण माझ्या दृष्टीने शंभर टक्के बरोबर. हे खरंच घडलंय, नीट बघा, असं तो म्हणतोय.

इथे कुणीतरी मला 'मॅड मॅक्स : फ्युरी रोड' (२०१५) ची आठवण करून देईल. त्यात तर सुमारे २,७०० शॉट आहेत, मग तो कसा चालतो? चालतो, आणि का चालतो हे मला फार आवडतं. दिग्दर्शक जॉर्ज मिलरने जवळजवळ प्रत्येक शॉटमध्ये महत्त्वाची गोष्ट चौकटीच्या मधोमध ठेवायला लावली. कट कितीही भराभर होवोत, आपल्या डोळ्याला शोधाशोध करावी लागत नाही. ४८० तासांच्या चित्रीकरणातून हा सिनेमा काढला मार्गारेट सिक्सेलने, जिने त्याआधी एकही मारामारीचा सिनेमा संकलित केलेला नव्हता. ऑस्कर तिलाही मिळालं. म्हणजे कट वाईट नसतात. बघणाऱ्याचा डोळा कुठे आहे याची फिकीर नसणं वाईट.

एक सिनेमा मात्र माझ्या या दोन जातींपैकी कुठल्याच जातीत बसत नाही. 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज', इसाओ ताकाहाता, १९८८. युद्धपट म्हणा, ॲनिमेशन म्हणा. जपानमध्ये तो मियाझाकीच्या 'माय नेबर टोटोरो' या लहान मुलांच्या गोड ॲनिमेशनपटासोबत, एकाच खेळात दाखवला गेला होता. ते प्रेक्षक मधल्या मध्यंतरात काय बोलले असतील, याचा मी बरेचदा विचार करते. हा सिनेमा पहिल्याच मिनिटात सांगून टाकतो की हा मुलगा मेला. स्टेशनवर, भुकेने. लपवलेलं काही नाही, उत्कंठा नाही. सफाई करणाऱ्याला त्याच्याजवळ एक पत्र्याचा डबा सापडतो, तो हलवून बघतो आणि अंधारात भिरकावून देतो. डब्यातून हाडांचे तुकडे सांडतात.

मग गोष्ट मागे जाते, आणि तोच डबा चघळायच्या गोड गोळ्यांनी भरलेला, चार वर्षांच्या बहिणीच्या हातात. ती हलवते, तो खुळखुळतो, ती हसते. गोळ्या संपतात तेव्हा भाऊ त्यात पाणी घालून तिला प्यायला देतो. ती खूश होऊन सगळ्या चवी मोजते.

गेल्या महिन्यात मी तो दुसऱ्यांदा लावला. डबा खुळखुळला आणि मी बंद केला. तुमच्यापैकी कुणी पुन्हा बघितला असेल तर सांगा, शेवटपर्यंत बसता आलं का?