मोबाईल आपलं बोलणं ऐकून जाहिरात दाखवतो म्हणे!

माझ्या मावशीला व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज आला, वर ते दोन बाण असतात ना, हजार जणांच्या हातून फिरून आलेला, आणि तेव्हापासून मावशी सोन्याचा विषय निघाला की फोन दुसऱ्या खोलीत ठेवून येते. मावशी अमळनेरची. अखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेकी माहेरी येणार, त्याआधी जुन्या पाटल्या मोडून नवीन करू असं घरात बोलणं झालं आणि संध्याकाळी फेसबुकवर जळगावच्या एका सराफाची पाटल्यांचीच जाहिरात. झालं! "मोबाईल समदं आयकस रे भो!" मी समजावलं तर मलाच म्हणे तू शिकलेला आहेस म्हणून तुला काही कळत नाही. म्हणून इथे लिहितोय, कारण हाच मेसेज आमच्या गल्लीत, शेतकरी ग्रुपवर, भजनी मंडळात, सगळीकडे फिरतोय.

मेसेजमध्ये थोडक्यात पाच गोष्टी आहेत. एक, कंपन्या माईकवरून चोवीस तास बोलणं ऐकतात आणि त्यावरून गिऱ्हाईक ठरवतात. दोन, दुकानदार बिलाच्या वेळी नंबर घेतो तो कंपन्यांना विकायला. तीन, खेड्यातल्या माणसाची कंपन्यांना किंमत नाही, म्हणून त्याला मालाच्या छोट्या पुड्या, पाऊच देतात. चार, सगळ्या अ‍ॅपचा माईक बंद करा. पाच, एक कोड डायल करा म्हणजे ट्रॅकिंग कायमचं बंद.

आता पहिलं. मावशीबाई, तुझ्या घरात अहिराणी चालते. फोनला मराठीत "भरताचं वांगं" बोलून टाईप करायला सांगितलं तर तो भलतंच काहीतरी लिहितो, आणि तुझं भांड्यांच्या आवाजातलं, कुकरच्या शिट्टीतलं अहिराणी ऐकून त्यातली पाटली तेवढी अचूक उचलतो? बरं, ऐकतो असं धरू. आवाज नेटवरच्या कॉलसारखा दाबून पाठवला तरी तासाला दहा एमबीच्या आसपास जातात, म्हणजे दिवसाला अडीचशे एमबी. ज्या घरात रात्री नऊला "माझा दीड जीबी कुठे गेला" म्हणून भांडणं होतात तिथे हे कोणाच्या लक्षात आलं नसतं का? शिवाय 2021 मध्ये आलेल्या अँड्रॉइड 12 पासून कुठल्याही अ‍ॅपने माईक चालू केला की स्क्रीनच्या कोपऱ्यात हिरवी खूण येते.

आणि हे तपासून झालंय. अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न युनिव्हर्सिटीच्या लोकांनी 17 हजारांहून जास्त अँड्रॉइड अ‍ॅप चालवून बघितले, 2018 मध्ये निकाल आला. गुपचूप माईक चालू करून आवाज बाहेर पाठवणारं एकही अ‍ॅप सापडलं नाही. सापडलं ते वेगळंच, काही अ‍ॅप स्क्रीनवर तुम्ही काय करताय त्याचं रेकॉर्डिंग तिसऱ्याच कंपनीला पाठवत होते. म्हणजे काळजी करायचीच असेल तर बोलण्याची नको, बोटांची करा.

मग पाटल्या आल्या कुठून? सराफाच्या बाजूने बघा. त्याला जाहिरात द्यायची तर फेसबुकवर तो जागा निवडतो, जळगाव आणि आजूबाजूचे एवढे किलोमीटर, मग बायका, मग वय, मग दागिने-लग्न असल्या गोष्टींमध्ये रस असणाऱ्या. अखाजीच्या तोंडावर खान्देशात हे सगळे सराफ करणारच, अक्षय तृतीयेला सोनं घेतात हे कळायला कोणाच्या स्वयंपाकघरात कान लावायची गरज नाही. वर त्याच्याकडे आधीच्या गिऱ्हाइकांच्या नंबरांची यादी असते, ती अपलोड केली की नंबरांचं सांकेतिक रूप करून जुळवणी होते आणि त्या माणसांना जाहिरात दिसते, शिवाय "यांच्यासारखेच आणखी लोक शोधून दे" असंही सांगता येतं. मावशीने मागच्या दिवाळीत सराफाकडे नंबर दिलेला. आणि वहिनीने नंतर हळूच सांगितलं की त्याच दुपारी घरच्याच वायफायवर ती पाटल्यांच्या डिझाईन बघत बसली होती!! यातलं नेमकं कोणतं कारण लागू पडलं ते बघायचं तर जाहिरातीवरच्या तीन टिंबांवर दाबा, "ही जाहिरात मला का दिसते" असं तिथे असतं, यादीवरून निवडलंय का तेही बरेचदा कळतं. आणि हो, त्याच संध्याकाळी मावशीला ट्रॅक्टरचे टायर आणि गुडघ्याचं तेलही दिसलं होतं, त्यावर घरात कोणी चकार शब्द बोललेलं नव्हतं, पण ते कोण लक्षात ठेवतं.

एक मान्य करावं लागेल, नाइलाजाने. अमेरिकेतल्या कॉक्स मीडिया ग्रुप नावाच्या कंपनीने खरंच "आम्ही फोनवरचं बोलणं ऐकून जाहिराती लावून देतो" अशी स्वतःची जाहिरात केली होती, बातम्या आल्यावर गुगलने त्यांना पार्टनरच्या यादीतून काढलं. फेसबुक, अ‍ॅमेझॉन सगळ्यांनी हात वर केले. विकणारा माणूस गिऱ्हाइकासमोर काय वाट्टेल ते बोलतो, त्यांनी प्रत्यक्षात कोणाचं बोलणं ऐकलं याचा पुरावा काही पुढे आला नाही. पण अशी फुशारकी मारली हे खरं.

दुसरा मुद्दा अर्धा खरा आहे, वरच्या सराफाच्या गोष्टीत आलाच. प्रत्येक दुकानदार नंबर विकतो असं नाही, पण वापरतो. मे 2023 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुकानांना सांगितलं होतं की बिलासाठी नंबरची सक्ती करू नका. तेव्हा काउंटरवर "नंबर नाही देत" म्हणायला लाजू नका, आणि नकोसे फोन थांबवायचे तर इंग्रजीत स्टार्ट, स्पेस, शून्य असा मेसेज 1909 ला पाठवा. मेसेज लिहिणाऱ्याला हे सांगायचं सुचलं नाही!

तिसरा तर उलटाच आहे. खेड्यातलं गिऱ्हाईक नको असतं तर हिंदुस्तान युनिलिव्हरने 2000-01 च्या सुमारास तेव्हाच्या आंध्रातल्या नलगोंडा जिल्ह्यातून गावातल्या बायकांनाच विक्रेत्या बनवायचं काम कशाला काढलं असतं. त्याच कंपनीने 2013 च्या अलाहाबाद कुंभमेळ्यात जेवणाच्या 25 लाख पोळ्यांवर लाइफबॉयने हात धुतले का असा छाप मारला होता, हात धुवायची वेळ आणि माणूस दोन्ही बरोबर गाठले, कोणाचा माईक लागला नाही. आपल्याकडे मे महिन्यात कापसाच्या गावांमध्ये बियाण्यांच्या कंपनीची भोंगा लावलेली गाडी फिरते आणि ठिबक सिंचनवाला रावेर-यावलला केळीवाल्यांकडे जातो, ते काय फोन ऐकून?

चौथा मुद्दा मावशीने पाळला. सगळ्या अ‍ॅपचा माईक बंद, त्यात व्हॉट्सअ‍ॅपचाही. मग पुण्याची लेक व्हिडिओ कॉलवर "आई बोल ना, आई बोल ना" करत बसली, हिचे नुसते ओठ हलताना दिसायचे. तिला वाटलं आईला काही झालं. टॉर्च नाहीतर कॅल्क्युलेटर माईक मागत असेल तर जरूर बंद करा, सगळंच कशाला.

पाचव्यावर मात्र मला हसू येत नाही. मेसेजमध्ये सांगितलंय की आधी *#21# डायल करा, काही दिसलं तर तुमच्यावर पाळत आहे. मावशीने केलं, स्क्रीनवर व्हॉइस, डेटा, फॅक्स अशी यादी आली, आणि फॅक्स वाचून ती घाबरली, आमच्या घरात फॅक्स कोणी घेतला! अहो, तो कोड फक्त कॉल दुसरीकडे वळवलेत का एवढं सांगतो, पाळतीशी त्याचा संबंध नाही. आणि त्याखाली लिहिलंय *401* लावून पुढे हा दहा आकडी नंबर टाका. हा कॉल वळवायचा कोड आहे! तुमचे कॉल त्या अनोळखी नंबरवर जाणार, कॉलवर सांगितला जाणारा ओटीपी तिकडे जाणार, त्यावर तुमचं व्हॉट्सअ‍ॅप उघडणार, खातं रिकामं करायचा प्रयत्न होणार. याच फसवणुकीमुळे दूरसंचार विभागाने असे कोड लावून कॉल वळवायची सोय 15 एप्रिल 2024 पासून बंद करायला सांगितली. मावशी तिथवर पोचायच्या आत वहिनीने फोन काढून घेतला.

हा पाचवा मुद्दा ज्याने घुसडला त्याला जाहिरातींशी घेणंदेणं नव्हतं, वरचे चार मुद्दे तुम्हाला घाबरवून इथपर्यंत आणायला होते. ग्रुपमधल्या कोणी तो नंबर टाकला असेल तर फोनच्या सेटिंगमध्ये कॉल फॉरवर्डिंग बघा, नाहीतर ##002# लावून सगळं वळवणं रद्द करा. पैसे गेले असतील तर ग्रुपवर विचारत बसू नका, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 ला फोन करा.