‘गूगलनं शे, मंग कसानी भीती?’

जळगाव-धुळ्याकडच्या शिक्षकांच्या आणि साहित्य मंडळांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक संदेश फिरतोय. ‘ब्लॉग लिहिणाऱ्यांनो, निर्धास्त राहा’ असा त्याचा मथळा. सांगणं थोडक्यात असं: गूगलचं ब्लॉगर, वर्डप्रेस डॉट कॉम अशा तयार प्लॅटफॉर्मवरचा ब्लॉग हॅक होऊच शकत नाही, कारण सुरक्षेचं कंपनी बघते. पत्त्याशेजारी कुलूप दिसलं की विषय संपला. बॅकअप नको. थीम, म्हणजे ब्लॉगच्या रंगरूपाचा साचा, कुठूनही उतरवा. आणि मंडळाचा ब्लॉग असेल तर एकच खातं ठेवून पासवर्ड ग्रुपवर टाका, म्हणजे कोणालाही कधीही लिहिता येईल.

अमळनेरच्या माझ्या मावशीपर्यंत हे पोचलं नसतं तर मी सोडून दिलं असतं. ती कानबाई या खानदेशी देवीची गाणी आणि जुन्या ओव्या ब्लॉगरवरच्या ब्लॉगवर उतरवून ठेवते. तिच्या मंडळाने संदेशाबरहुकूम वागायला सुरुवातही केली. फोनवर कुरकुर केली तर म्हणाली, ‘‘गूगलनं शे ना रे भाऊ, मंग कसानी भीती?’’ गूगलचं आहे ना, मग कसली भीती?

तर ‘हॅक होऊच शकत नाही’. २०११ साली नीर गोल्डश्लागर या इस्रायली सुरक्षा संशोधकाला खुद्द ब्लॉगरमध्ये एक भोक सापडलं. त्यातून कोणाच्याही ब्लॉगवर स्वतःला लेखक म्हणून घुसवता यायचं आणि तिथून पुढे ॲडमिनही होता यायचं. युक्ती ऐकून हसूच येतं. लेखक जोडण्याच्या विनंतीत ब्लॉगचा क्रमांक जातो. याने एकाच विनंतीत दोन क्रमांक पाठवले, पहिला स्वतःच्या ब्लॉगचा, दुसरा परक्याच्या. सर्व्हर अधिकार तपासताना पहिला क्रमांक बघायचा आणि काम करताना दुसरा उचलायचा. बाजार समितीच्या गेटवर पावती एका ट्रॅक्टरची दाखवून दुसराच आत घालावा, तसला प्रकार. ना पासवर्ड चोरावा लागला, ना मालकाला कुठल्या लिंकवर फसवावं लागलं. माणूस भला, त्याने गूगलला कळवलं, भोक बुजलं, त्याला बक्षीसही मिळालं. पण ब्लॉगच्या मालकाने काय केलं असतं म्हणजे तो यातून वाचला असता? काहीही नाही. हे ‘गूगलनं शे’ याचं उत्तर.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये वर्डप्रेस डॉट कॉम चालवणाऱ्या ‘ऑटोमॅटिक’ नावाच्या कंपनीने आपल्या काही सर्व्हरांमध्ये कोणीतरी पार मुळापर्यंत शिरल्याचं स्वतःच जाहीर केलं. टम्बलर या अशाच ब्लॉग-प्लॅटफॉर्मच्या साडेसहा कोटी खात्यांची माहिती २०१३ मध्ये चोरीला गेली, आणि आकडा बाहेर आला २०१६ मध्ये. तीन वर्षं लोक निर्धास्तच होते.

एक गोष्ट मान्य करावी लागते, नाइलाजाने. स्वतःची होस्टिंग, म्हणजे सर्व्हरवरची जागा, विकत घेऊन तिथे वर्डप्रेसचं सॉफ्टवेअर बसवणारे आणि नंतर त्याला जोडलेले प्लगइन कधीच अपडेट न करणारे, त्यांच्यापेक्षा मावशी खरंच सुरक्षित आहे. सर्व्हरची डागडुजी तिच्या डोक्यावर नाही. संदेशातलं खरं काय ते एवढंच.

कुलपाचं म्हणाल तर ते फक्त सांगतं की तुमचा ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या वाटेत कोणी मजकूर वाचत किंवा बदलत नाही. ब्लॉगरवरच्या ब्लॉगांना मिळणाऱ्या ब्लॉगस्पॉटच्या पत्त्यांना ते २०१६ पासून सरसकट आहे, आणि त्यात ब्लॉगस्पॉटवरच थाटलेली भामट्यांची पानंही आली.

मी लिहायला बसलो तो खरं तर पासवर्डमुळे. ब्लॉगरला वेगळा पासवर्ड नसतोच, तो गूगल खात्याचा असतो. म्हणजे ग्रुपवर टाकलेली किल्ली ब्लॉगपुरती नाही, त्या खात्याचं जीमेल, फोटो, ड्राइव्ह, फोनमधले नंबर, सगळ्याची आहे. मावशीच्या मंडळाने तर वेगळं खातं काढायचीही तसदी घेतली नाही, अध्यक्षबाईंचं रोजचंच देऊन टाकलं. त्याच मेलवर त्यांचं बँकेचं स्टेटमेंट येतं! ज्याच्या हाती मेल, त्याला बाकी ठिकाणी ‘पासवर्ड विसरलात?’ एवढंच दाबायचं असतं. ग्रुपमधला कोणाचा फोन नातवाच्या हातात आहे, कोणी जुना फोन न पुसताच विकलाय, कोण सांगणार? उद्या ओव्या उडाल्या तर कोणी उडवल्या तेही कळायचं नाही, कारण सगळे एकाच नावाने आत. शिरपूर, धुळे, पुणे असं तीन ठिकाणांहून लॉगिन दिसलं की गूगल संशयाने पडताळणी मागू शकतं. कोड जाणार बाईंच्या फोनवर, आणि बाई भुसावळच्या गाडीत. यावर ग्रुपमधल्या एका हुशाराने तोडगा काढला: दोन टप्प्यांची पडताळणीच बंद करून टाका.

आणि हे सगळं कशासाठी? ब्लॉगरच्या सेटिंगमध्ये इतर लेखकांना आमंत्रण द्यायची सोय कित्येक वर्षांपासून आहे, तीही फुकट. ज्याचा-त्याचा ईमेल टाकायचा. प्रत्येक जण आपापल्या खात्यातून लिहितो, नुसत्या लेखकाला दुसऱ्याच्या पोस्टला हात लावता येत नाही, आणि कोणी मंडळ सोडलं की तेवढं नाव काढायचं.

थीमबद्दल दोनच वाक्यं. ब्लॉगरच्या थीममध्ये जावास्क्रिप्ट, म्हणजे वाचकाच्या ब्राउझरमध्ये आपोआप चालणारा कोड, चालतं, त्यामुळे कुठल्याही साइटवरून उतरवलेल्या थीमच्या तळाशी काय गुंडाळून ठेवलंय ते आपल्याला दिसत नाही. वाचक ओवी वाचायला येतो आणि भलत्याच साइटवर जाऊन पडतो.

राहिला बॅकअप. ब्लॉगचे प्लॅटफॉर्मही बंद पडतात: पोस्टरस ३० एप्रिल २०१३ ला बंद झालं, टाइपपॅड ३० सप्टेंबर २०२५ ला. मे २०११ मध्ये ब्लॉगर स्वतःच जवळपास दिवसभर अडकून पडलं होतं आणि लोकांच्या ताज्या पोस्ट काही काळ गायब झाल्या होत्या. सेटिंगमध्ये ‘ब्लॉग व्यवस्थापित करा’ खाली बॅकअपचं बटण आहे, त्यातून ब्लॉगची प्रत उतरवता येते. तिच्यातल्या पोस्टांच्या फाइलीत मजकूर येतो, फोटो येत नाहीत, नुसते त्यांचे पत्ते येतात. मावशी, कानबाईच्या रोटांचे फोटो वेगळे उतरवून पेनड्राइव्हवर टाक, मंडळातल्या बाकीच्यांनाही सांग, आणि अध्यक्षबाईंना पासवर्ड आजच बदलायला लाव.